हजार जागांचा हंगाम

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतीय तरुणांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाची पहिली सोडत खुली केली. जागा होत्या एक हजार. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे चाळीस हजार अर्ज आल्याचे तेथील सरकारच्या वतीने सांगण्यात आले. म्हाडाच्या सोडतींवर वाढलेल्या मुंबईकराला हे प्रमाण नवे नाही. नवी आहे ती मागणीची वस्तू. येथे घर मिळत नाही, कायमची नोकरी मिळत नाही, नागरिकत्वाचे आश्वासन तर नाहीच. मिळते ते परक्या देशातले एक वर्ष, आणि त्या वर्षात पोटापुरते काम करून उरलेला वेळ हवा तसा घालविण्याची मुभा.

या चाळीस हजारांत स्थलांतराची चोरवाट शोधणारे अनेक असतील. परंतु सगळेच तसे होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर शनिवार-रविवारी जमणारी गर्दी आणि तिच्या गळ्यातले कॅमेरे पाहिले, मनाली आणि उत्तरकाशीच्या संस्थांतून गिर्यारोहणाचे शिक्षण घेणाऱ्या किंवा गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्या तरुणांतली मराठी नावे पाहिली, की महानगरांत एक नवा वर्ग तयार झाल्याचे ध्यानात येते. या वर्गाच्या हाताशी पदवी आहे, थोडी शिल्लक आहे आणि रजा मात्र वर्षाला पंधरा-वीस दिवसांची आहे. डोंगर, समुद्र आणि प्रकाश यांना रजेच्या अर्जाची भाषा कळत नाही. पाश्चात्त्य जगातील तरुणांनी या अडचणीवर काढलेला तोडगा म्हणजे हंगामी काम. हिवाळ्यात स्कीच्या डोंगरावर लिफ्ट चालवायची, उन्हाळ्यात नदीकाठी राफ्टिंगच्या कंपनीत राबायचे, आणि सुटीच्या दिवशी तोच डोंगर, तीच नदी आपली.

ही व्यवस्था जुनी आहे. ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंड या तीन देशांच्या तरुणांसाठी असा परवाना सुरू केला. जपानशी तसा करार १९८० मध्ये झाला. पुढे युरोपातील बहुतेक देश, कोरिया, तैवान, अर्जेंटिना असे करत यादी वाढत गेली. भारताला तीत जागा मिळायला जवळपास अर्धे शतक लागले. एप्रिल २०२२ मध्ये स्वाक्षरी झालेला आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला अमलात आलेला भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य व व्यापार करार ही त्याची पार्श्वभूमी. डाळी, कोळसा, द्राक्षे आणि कापड यांच्या वाटाघाटींत हजार तरुणांच्या वर्षाचाही सौदा झाला, आणि तो सौदा म्हणूनच पाहिला पाहिजे.

कारण पाहुणचार हा या व्यवस्थेचा हेतू नव्हे. ज्या धंद्याला वर्षातले चारच महिने माणसे लागतात, त्याला बारा महिन्यांचा पगार परवडत नाही. न्यू साउथ वेल्समधील थ्रेडबो आणि पेरिशर, किंवा व्हिक्टोरियातील फॉल्स क्रीक आणि माउंट हॉथम ही स्कीची ठिकाणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस मिटतात. एवढ्या काळापुरते स्वयंपाकी, खोल्या आवरणारे, बर्फ उपसणारे, लिफ्टवर माणसे बसवून देणारे हजारो हात हवे असतात. सिडनीचा रहिवासी एवढ्यासाठी घर सोडून डोंगरात येत नाही. येतो तो ज्याला तो डोंगरच हवा आहे. मालक मजुरीबरोबर हंगामाचा स्कीपास देतो, आणि बर्फावर एक दिवस घालवायला शहरी पर्यटक जे मोजतो ते पाहता हा पास हाच पगाराचा मोठा भाग ठरतो. करोनाकाळात सीमा बंद झाल्या तेव्हा या हातांची किंमत ऑस्ट्रेलियाला कळली. फळबागांत माल पडून राहिला, हॉटेलांनी आठवड्यातले काही दिवस चुली विझविल्या. अखेर जानेवारी २०२२ मध्ये, ठरावीक मुदतीत देशात दाखल होणाऱ्या अशा तरुणांना व्हिसाचे शुल्क परत करण्याची घोषणा तेथील सरकारला करावी लागली.

मराठीत ‘हंगामी कामगार’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो दसऱ्यानंतर कोयता आणि बिऱ्हाड घेऊन बीडहून पश्चिम महाराष्ट्राकडे निघालेला ऊसतोड मजूर. थ्रेडबोच्या लिफ्टवर उभा राहणारा पदवीधर आणि तो यांची तुलना करणे हा त्या मजुराचा उपमर्द होईल. एकाच्या मागे मुकादमाची उचल आहे, दुसऱ्याच्या मागे बापाची शिल्लक. तरीही अर्थशास्त्राच्या नजरेतून दोन्हीकडचा व्यवहार एकाच जातीचा आहे. गाळपाचा हंगाम असो वा बर्फाचा, धंद्याची जोखीम हंगामी माणसाच्या अंगावर ढकलली जाते. फरक इतकाच की येथे तो माणूस स्वेच्छेने येतो आणि कंटाळला तर परत जाऊ शकतो. हा ‘इतकाच’ फरक फार मोठा आहे, हे सांगायला नको.

बर्फाचा हंगामही आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियातील सर्वोच्च शिखर कॉझिऑस्को अवघे २,२२८ मीटरचे. हिमालयाच्या हिशेबाने त्याला टेकडीच म्हणावे लागेल. स्पेन्सर्स क्रीक येथे १९५४ पासून बर्फाची खोली मोजली जाते, आणि त्या नोंदींतील दीर्घकालीन कल उतरता आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी काही केंद्रांना ठरल्या तारखेपूर्वीच गाशा गुंडाळावा लागला. लिफ्ट थांबली की तिच्यावरच्या माणसाचे तासही थांबतात.

तासांचा हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियातील किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले. ‘कॅज्युअल’ कामगाराला, म्हणजे ज्याला भरपगारी रजा नाही आणि कामाच्या तासांची हमीही नाही त्याला, पंचवीस टक्के वाढीव, म्हणजे ३१.१९ डॉलर. आठवड्याला ३८ तास भरले तर सुमारे ११८५ डॉलर हाती येतात. अशा व्हिसाधारकांच्या पहिल्या ४५ हजार डॉलरांवर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर लागतो. स्थानिक रहिवाशाला मिळणारी करमुक्त मर्यादा त्यांना नाही. कर जाऊन हजाराच्या आसपास उरतात. रुपयांत गुणाकार करणाऱ्या घरांत येथेच डोळे विस्फारतात, आणि येथेच चूक होते. आठवड्याचे ३८ तास मिळतीलच असे नाही, डोंगरातील खोलीचे भाडे मिळकतीतूनच जाते, आणि कॉफीचा पेला पुण्याच्या दरात मिळत नाही. मालक निवृत्तिनिधीत जी रक्कम वेगळी भरतो, ती देश सोडताना काढता येते; पण तीवर ६५ टक्के कर कापला जातो. शंभरातले पस्तीस हाती.

म्हणून जो कमावून आणायच्या उद्देशाने जातो तो बहुधा पस्तावतो. आधीचा खर्चही ध्यानात घ्यावा लागतो. सोडतीचे शुल्क २५ डॉलर, २०२४-२५ मध्ये व्हिसाचे ६५० डॉलर, शिवाय खात्यात पाच हजार डॉलर दाखविण्याची अट, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेतीन लाखांच्या घरात, आणि विमानाचे भाडे निराळे. वय १८ ते ३० वर्षे, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण आणि कामापुरते इंग्रजी या अटी पाहिल्या तर वरच्या मध्यमवर्गाखेरीज कोणी या दाराशी पोहोचेल असे दिसत नाही. त्या वर्गातील घरांत मग संवाद ठरलेला असतो. इंजिनिअर झालेला मुलगा परदेशात जाऊन भांडी विसळणार? हा प्रश्न प्रतिष्ठेचा वाटतो, पण त्याच्या तळाशी एक रास्त भीतीही आहे. भारतीय कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना नोकरीच्या इतिहासातले रिकामे वर्ष अजून रुचत नाही. जर्मन किंवा डच तरुणाच्या बाबतीत तेच वर्ष अनुभव म्हणून वाचले जाते.

याच वर्गाला छायाचित्रणाचे आकर्षण सर्वाधिक असते, आणि हंगामी मुक्कामाचा खरा लाभही तेथेच आहे. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला उलुरूचा सूर्यास्त एकदा दिसतो. ढग आले तर दिसतही नाही. तेथून थोड्या अंतरावरील युलारा या वसाहतीत हॉटेलात काम करणाऱ्याला तो शंभर वेळा दिसतो, आणि शंभरातल्या एखाद्या संध्याकाळी पाऊस पडून त्या खडकावरून धबधबे वाहू लागतात तेव्हा तो तेथे असतो. मे २०२४ मध्ये सौरवादळामुळे न्यूझीलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश उजळला, तेव्हाही चांगली छायाचित्रे त्यांनाच मिळाली जे त्या रात्री अंधाऱ्या प्रदेशात मुक्कामाला होते. लडाखमधील हानले येथूनही त्या रात्री आकाशातली लाली टिपली गेली, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

मात्र छंद आणि धंदा यांतली रेषा परदेशात फार कडक असते. स्कीच्या उतारांवर, राफ्टिंगच्या नद्यांवर, विमानातून उड्या मारणाऱ्यांबरोबर छायाचित्रकार नेमण्याची पद्धत आहे. पर्यटकांचे थरारक क्षण टिपायचे आणि संध्याकाळी त्यांनाच विकायचे, असे ते काम. ते खेळाइतकेच कष्टाचे आहे. हवेत उडी घेऊन चित्रण करणाऱ्याला कॅमेरा हाती धरण्यापूर्वी शेकडो उड्यांचा अनुभव लागतो. बर्फावर उभे राहून चित्रे काढणाऱ्याची बॅटरी थंडीने अर्ध्या वेळात उतरते, आणि उबदार खोलीत शिरताच भिंगावर बाष्प धरते. काम करण्याची परवानगी असलेल्या व्हिसावर हे सारे रीतसर करता येते. पर्यटक व्हिसावर स्थानिक कंपनीसाठी केले तर तो गुन्हा ठरू शकतो. न्यूझीलंडमध्ये तर शेतावर काम करून मोबदल्यात नुसते राहणे-जेवणे घेतले तरी ते कामच मानले जाते, आणि पर्यटक व्हिसावर त्याला मनाई आहे. जानेवारी २०२५ पासून त्या देशाने पर्यटकांना परदेशी मालकाचे काम दूरस्थ पद्धतीने करण्याची मोकळीक दिली. स्थानिक मालकाचे काम मात्र वर्ज्यच राहिले. याशिवाय जागेचे नियम वेगळे. उलुरू-काटा त्युटा राष्ट्रीय उद्यानात व्यावसायिक चित्रणाला परवाना लागतो, आणि अनंगू लोकांना पवित्र असलेल्या काही स्थळांचे चित्रण करूच नये असे बजावलेले असते. त्या खडकावर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. न्यूझीलंडमधील संरक्षित भूमीवर ड्रोन उडवायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते.

आणि गर्दीचे काय? न्यूझीलंडच्या वानाका सरोवरात उभे असलेले एकाकी विलोचे झाड छायाचित्रांमुळे जगप्रसिद्ध झाले. मार्च २०२० मध्ये कोणी तरी त्याच्या खालच्या फांद्या करवतीने कापून टाकल्या. तेथील रॉइज पीक या डोंगरधारेवर एकाच जागी उभे राहून एकच चित्र काढण्यासाठी रांग लागते. जी चौकट लाखोंनी टिपली आहे तीच टिपण्यासाठी वर्ष खर्ची घालावे काय, याचा विचार कॅमेरा घेऊन निघणाऱ्याने करायला हवा. अशा चित्रांना बाजारात मोल उरलेले नाही. हंगामभर एका ठिकाणी राहणाऱ्याला जे इतरांना दिसत नाही ते दिसते, म्हणजे पहाटे चार वाजता उतार सारखे करणारी यंत्रे, दहा जणांच्या खोलीत वाळत घातलेले मोजे, लिफ्ट बंद असलेल्या दिवशीचे चेहरे. त्यात छायाचित्रकाराला अधिक वाव आहे.

धोक्याची बाजू घरच्यांना वाटते त्याहून वेगळ्या ठिकाणी आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात सार्वजनिक आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही. ब्रिटन किंवा इटलीच्या तरुणाला तातडीचे उपचार मेडिकेअरमधून मिळतात, भारतीयाला विमाच काढावा लागतो. सर्वसाधारण प्रवासी विम्यातून स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग बहुधा वगळलेले असते, आखलेल्या उताराबाहेरचे तर हमखास. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे ही या खेळातली नित्याची दुखापत, आणि तिच्या शस्त्रक्रियेचे बिल हंगामाच्या सगळ्या बचतीला पुरून उरते. न्यूझीलंडची रीत या बाबतीत निराळी आहे. १९७४ पासून तेथे अपघातातील इजांची भरपाई, चूक कोणाची हे न पाहता, सरकारी योजनेतून होते आणि पाहुणेही तीत येतात. त्या बदल्यात इजेबद्दल कोणावर भरपाईचा दावा लावता येत नाही. क्वीन्सटाउनजवळच्या कावाराउ पुलावर १९८८ मध्ये बंजी उड्यांचा धंदा उभा राहिला आणि पुढे ते गाव साहसी खेळांची राजधानी म्हणून ओळखले जाऊ लागले, यात या कायद्याचाही वाटा असावा. मात्र ती योजना आजारपण भागवीत नाही आणि जखमीला मायदेशी आणण्याचा खर्चही देत नाही.

पिळवणुकीचा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियातील फळबागांत वजनावर मजुरी देण्याच्या पद्धतीमुळे तरुणांना तासाला काही डॉलरच मिळत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत होत्या. एप्रिल २०२२ च्या अखेरीस तेथील वेतन आयोगाच्या आदेशाने वजनावर काम करणाऱ्यालाही किमान तासवेतनाची हमी मिळाली. जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून कमी वेतन देणे हा फौजदारी गुन्हा झाला. कायदा आहे, यंत्रणाही आहे. परंतु तक्रार करायची तर पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात, आणि रोखीत पैसे घेणाऱ्या नवख्याजवळ त्या नसतात.

भारत सरकारचे लक्ष यात कोठे आहे? आपला १९८३ चा स्थलांतर कायदा मुख्यतः आखाताकडे जाणाऱ्या अल्पशिक्षित मजुराला डोळ्यांपुढे ठेवून बेतला गेला. पारपत्रावर स्थलांतर तपासणीची अट असलेल्यांनाच, आणि तीही ठरावीक देशांत जाताना, परवानगी लागते. त्या देशांत ऑस्ट्रेलिया नाही आणि पदवीधराला ती तपासणीच लागू नाही. त्यामुळे हॉटेलात शारीरिक श्रम करायला निघालेला पदवीधर सरकारच्या लेखी कामगार नसतो, पर्यटकही नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जुन्या कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. हंगामी कामासाठी जाणाऱ्यांची साधी नोंद आणि त्यांना तेथील वेतनदराची मराठीसह भारतीय भाषांत माहिती, एवढे तरी त्यातून साधावे अशी अपेक्षा गैर नाही. दरम्यान सोडतीत निवड करून देण्याची हमी देणारे दलाल सुखाने वावरतात. निवड संगणकाद्वारे यादृच्छिक पद्धतीने होते. तिची हमी कोणीही देऊ शकत नाही, ही माहिती फुकट मिळते आणि तरीही विकली जाते.

दारे उघडत आहेत हे खरे. ब्रिटनने फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीय पदवीधरांसाठी वर्षाला तीन हजार जागांची दोन वर्षांची योजना सुरू केली, तीही सोडतीनेच. न्यूझीलंडशी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे २०२५ च्या डिसेंबरात जाहीर झाले, त्यातही वर्षाला हजार भारतीय तरुणांना अशा व्हिसाची तरतूद ठरली. आणि घोषणेच्या दिवशीच तेथील सत्ताधारी आघाडीतल्या न्यूझीलंड फर्स्ट पक्षाने कराराला विरोध जाहीर केला. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या शहरांत स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले, त्यांच्या प्रचारपत्रकांत भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. याच ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून ब्रिटिश तरुणाला वयाच्या पस्तिशीपर्यंत, फळबागेत एक दिवसही न राबता, एक-एक वर्षाचे तीन व्हिसा देऊ केले आहेत, आणि त्यांच्या संख्येवर मर्यादा नाही. सोडत लागते ती भारत, चीन आणि व्हिएतनाम या तीन देशांनाच. खेळ एकच, मैदान एकच. प्रवेशाची तिकिटे मात्र पारपत्राचा रंग पाहून.

सोडतीत नाव लागलेल्याला तिथी-तारखांचे गणितही सोडवावे लागते. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा अधिक काम करता येत नाही. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षात तीन महिने ठरावीक प्रदेशात ठरावीक प्रकारचे काम करावे लागते. उत्तर ऑस्ट्रेलियात आणि दुर्गम भागांत पर्यटन व हॉटेलांतले काम त्यात धरले जाते. पण डार्विन, काकाडू आणि ब्रूमचा पर्यटनहंगाम मे ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका स्कीच्या हंगामाशी एकाच वेळी. ऑक्टोबरात बर्फ वितळल्यावर उत्तरेकडे निघालेल्याला पावसाळा गाठतो, रस्ते पाण्याखाली जातात आणि कामे आटतात. मध्य ऑस्ट्रेलियात उलुरूपाशी तेव्हा पारा चाळिशी ओलांडू लागलेला असतो, पण हॉटेले चालू असतात. बर्फ आणि दुसरे वर्ष ही दोन्ही हवी असणाऱ्याला म्हणून डोंगरावरून उतरून थेट वाळवंटात, ऐन उन्हाळ्यात, खोल्या आवरायला जावे लागते.